तीनशे रुपये व्हिजिटचे आणि श्रीखंडाचा डबा

परवा रविवारी मिसळ खायला बसलो होतो तर आमच्यातल्या एकाने विषय काढला. त्याचा टूबीएचके इंदिरानगरला भाड्याने दिलाय, आणि तो म्हणे आता मी दर व्हिजिटचे पाचशे घेणारे भाडेकरूकडून, काहीही झालं की लगेच फोन करतात, मी काय त्यांचा नोकर आहे का. टेबलावरचे बाकीचे सगळे लगेच हो हो, बरोबर आहे, घ्यायलाच पाहिजेत. मी पाव मोडत गप्प बसलो, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय आणि मला तो एकोणीस हजाराला पडला. तिथे सांगत बसलो असतो तर रस्सा गार झाला असता, म्हणून इथे लिहितो.

आमचा एक वनबीएचके आहे पाथर्डी फाट्याला. आम्ही राहतो म्हसरूळला. नाशिक ज्याला माहितीये त्याला कळेल की ही गावाची दोन टोकं आहेत आणि मधे द्वारका चौक आहे, आणि संध्याकाळी सात वाजता द्वारका म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच माहिती. आधी तिथे तीन पोरं राहायची, अंबडला कामाला. पोरं चांगली होती, भाडं वेळेवर, दारूबिरूची भानगड नाही, पण फोन! काका बल्ब गेला, काका टीव्हीला चॅनेल येत नाही, काका नळाला पाणी बारीक येतंय. एकदा तर काका कचऱ्याची गाडी किती वाजता येते म्हणून. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे, दिवसभर लोक मला हेच विचारतात, घरी येऊन पण तेच.

कडेलोट झाला तो जुलैमधे एका रात्री. साडेनऊ वाजलेले, बाहेर धो धो, जेवून नुकताच आडवा झालो होतो आणि फोन की काका अर्ध्या घरात लाईट नाहीये, बोर्डातून वास पण येतोय. वास म्हटल्यावर झोप उडाली, वायरिंग पेटलं बिटलं तर काय, म्हणून रेनकोट चढवला, अॅक्टिवा काढली आणि गेलो. पोचलो तर वास मॅगी जळल्याचा, आणि पॅनलमधला एक एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, खाली पडलेला. इंडक्शन आणि इस्त्री एकाच बोर्डावर लावलेले होते. एका बोटाने एमसीबी वर केला, लाईट आली. तिघं माझ्याकडे असे बघत होते की जणू मी गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले. रेनकोटमधून पाणी गळत होतं आणि मी त्या पॅनलसमोर उभा राहून मनात हिशेब करत होतो, पेट्रोल किती, झोप किती.

दुसऱ्या दिवशी कंपनीत हे सांगितलं तर एक जण म्हणाला व्हिजिट चार्ज लाव ना, फोन आपोआप बंद होतील. मला पटलं. पोरं गेली, नवीन कुटुंब आलं चाळीसगावकडचं, तो सातपूरला शिफ्टमधे, ती घरी, पाच वर्षांची मुलगी. अॅग्रीमेंट करताना एजंटला सांगितलं एक ओळ टाक. त्याने तिथल्या तिथे टाईप केली, दुरुस्तीसाठी मालकास अथवा मालकाने पाठविलेल्या कारागिरास यावे लागल्यास प्रति भेट रु. ३००/- द्यावेत. त्यांनी वाचलं, एकमेकांकडे बघितलं, अंगठा ठेवला. घर हवं असलेला माणूस अॅग्रीमेंटमधल्या ओळीवर भांडत नाही, हे मी स्वतः भाडेकरू होतो तेव्हा मला पक्कं माहिती होतं पण तेव्हा आठवलं नाही. किंवा आठवून घेतलं नाही.

आणि खरंच फोन बंद झाले. वर्षभरात दोनच. मला वाटलं काय आयडिया आहे, नळसुद्धा शहाणे झाले.

ते दोन फोन कसले होते ते पण सांगतो. पहिला फ्लशच्या टाकीचा, आतला फ्लोट वॉल्व्ह गेलेला, पाणी वाहत होतं. दुसरा गिझरचा, जानेवारीत. नाशिकचा जानेवारी, घरात लहान पोर, आणि गिझर गार. तो गिझर मी घेतलेला आठ वर्षांपूर्वी. त्या सोसायटीत अर्धं पाणी बोअरचं येतं, जड पाणी, एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर पांढऱ्या थराचं असं जाड कवच बसलेलं की हातोडीने ठोकून पाडलं. आठ वर्षांचा क्षार तो, हे लोक येऊन पाच महिने झालेले. तरी मी तीनशे घेतले. करारात लिहिलंय ना. तिने कपाटातून पैसे आणून दिले, वर चहा पण दिला, आणि मी तो प्यायलो.

मग आला ऑगस्ट. फोन आला तो भाडेकरूचा नाही, खालच्या फ्लॅटमधल्या काकूंचा. रिटायर्ड शिक्षिका आहेत, आवाजात अजून वर्ग आहे. म्हणाल्या, तुमच्या घराचा पोपडा आज माझ्या वरणात पडलाय, येऊन बघणार की फोटो पाठवू.

गेलो. त्यांच्या किचनच्या छताला हा एवढा पिवळा नकाशा, कडेने पुट्टी सुटलेली. वर आमच्याकडे गेलो, किचनमधे सिंकखालचं दार उघडलं. आत श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा ठेवलेला, काठोकाठ भरलेला, आणि अँगल कॉकला, म्हणजे भिंतीतून पाईप बाहेर येतो तिथला पाणी बंद करायचा छोटा कॉक, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळून वरून तारेने पिळलेला. काम नीटनेटकं होतं, उगाच नावं ठेवणार नाही, पण ट्यूबच्या खालून थेंब यायचा तो येतच होता. डबा हलवला तर खालचं प्लायवूड बोटाने दाबलं जात होतं, दुधात बुडवलेल्या पावासारखं. मागच्या भिंतीच्या टाईल्सचे सांधे काळे पडलेले. जे पाणी डब्यात पडत नव्हतं ते भिंतीला धरून, सांध्यांतून, सावकाश खाली काकूंच्या वरणाकडे चाललं होतं.

मी विचारलं हे कधीपासून. ती म्हणाली, "एप्रिलपासून काका. सांगणार होते मी. पण आधीचे दोनदा सहाशे गेले ना, मग हे म्हटले थेंबच तर आहे, ट्यूब बांधून घेऊ. मी रोज सकाळ-संध्याकाळ डबा रिकामा करते, कधीच नाही चुकले."

कधीच नाही चुकले. एप्रिल ते ऑगस्ट दिवसातून दोनदा ती बाई वाकून माझ्या घराचं पाणी उपसत होती, तीनशे रुपये वाचवायला, आणि वर मलाच सांगतीये की चुकले नाही. मला काय बोलावं ते सुचेना. ओरडणार कुणावर?

हिशेब सांगतो, कारण हिशेबाशिवाय आपल्याकडे कुणाला पटत नाही. एप्रिलमधे फोन आला असता तर नवा अँगल कॉक २८० रुपये आणि प्लंबरचे ३००, म्हणजे ५८०. ऑगस्टमधे सिंकखालचं प्लायवूडचं काम साडेसहा हजार, भिंतीच्या टाईल्स काढून सांधे परत भरून घेतले ते साडेतीन, आणि काकूंचं छत खरवडून पुट्टी आणि रंग नऊ हजार. काकूंनी रंगाची शेड पण स्वतः निवडली, त्याला मी नाही म्हणणार होतो थोडीच. झाले एकोणीस. भाडं अकरा हजार आहे. व्हिजिट चार्जमधून माझी एकूण कमाई सहाशे.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण खिळेवाले झालात."

खिळेवाले कोण ते सांगायला पाहिजे. २००४ साली लग्न झाल्यावर आम्ही सिडकोत भाड्याने राहायचो, मालक वरच्या मजल्यावर. काहीही बिघडलं की ते स्वतः यायचे, हातात टॉर्च. बिघडलेलं बघायच्या आधी सगळं घर फिरायचे, भिंतीला किती खिळे आहेत ते मोजायचे, मागच्या वेळी चार होते आता पाच कसे, कॅलेंडर त्याच खिळ्याला का नाही लावत. पैसे घेत नसत ते व्हिजिटचे, हे खरं, पण त्यांची व्हिजिट हीच फी होती. आणि प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं, "तुम्ही यायच्या आधी हे गळत नव्हतं." आमच्या बाथरूमचा नळ सात महिने गळत होता, आम्ही सांगितलंच नाही. खाली बादली लावायचो आणि त्या पाण्याने सकाळी फरशी पुसायचो. हे सगळं मी विसरलो होतो, ती नव्हती विसरली.

आता माझं मत. व्हिजिटला पैसे लावणं म्हणजे सांगण्याला पैसे लावणं आहे. दुरुस्तीचा खर्च कुणाचा हा वेगळा वाद आहे, तो घाला खुशाल, पण "इथे काहीतरी गळतंय" हे कळवायलाच जर माणसाला तीनशे पडणार असतील तर तो कळवणार नाही, ट्यूब बांधेल. कंपनीत हे मला रोज दिसतं. ऑपरेटरने बोलावलं की साहेब मशीनचा आवाज बदललाय, आपण जाऊन बघितलं आणि काहीच निघालं नाही, तरी त्याला कुणी ओरडत नाही, कारण एकदा ओरडलं की पुढच्या वेळी तो बेअरिंग जाम होईपर्यंत बोलावणारच नाही. वीस वर्षं हे मी नवीन पोरांना शिकवतोय आणि स्वतःच्या घराला नेमकं उलटं करून ठेवलं.

एका वकील मित्राला पण विचारलं, म्हटलं कायदा काय म्हणतो. तो म्हणाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे त्यात कलम १४, करारात उलटं काही ठरलं नसेल तर घर राहण्यालायक दुरुस्त ठेवायची जबाबदारी मालकाची. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. मी म्हटलं बापरे, म्हणजे मला तेहेतीस हजारापर्यंत कापू शकतात. तर तो हसला, म्हणाला हे भाडेकरूला, आणि तुम्ही लोक जे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करता त्यात समोरचा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच, लायसन्सी असतो, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी असलेला, त्यामुळे तिथे बहुतेक करारात काय लिहिलंय तेच धरतात. म्हणजे फिरून आपण आपल्या त्या एका ओळीपाशी. ती ओळ मीच लिहिली होती.

त्यानेच मग केंद्राच्या नमुना कायद्याचं सांगितलं, मॉडेल टेनन्सी अॅक्ट, २०२१ च्या जूनमधे केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला. हा नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू, नाहीतर वाचायला. पण त्याच्या शेवटी एक चांगली यादी आहे कुणी काय दुरुस्त करायचं त्याची. बांधकामाची दुरुस्ती, रंग, पाईप बदलणं, वायरिंग मालकाकडे. नळ आणि नळाचे वॉशर, तुंबलेलं ड्रेनेज, स्विच-सॉकेट, खिडकीची काच, कुलूप-कडी आणि गिझर हे भाडेकरूकडे. आता अँगल कॉक म्हणजे नळ की पाईप? यावर आम्ही दोघं अर्धा तास बोललो, दुसरा चहा पण झाला, निकाल लागला नाही. गिझर भाडेकरूकडे टाकलाय ते तर मला अजिबात मान्य नाही, माझ्या आठ वर्षांच्या क्षाराचे पैसे पाच महिन्यांच्या माणसाने का द्यायचे. पण त्या यादीत खर्च वाटून दिलाय, मालकाच्या येण्याजाण्याचं भाडं कुठेच नाहीये. उलट मालकाने घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं असं आहे. टॉर्चवाल्यांसाठी केलेलं कलम दिसतंय.

अजून एक गोष्ट, जी मिसळीच्या टेबलावर कुणीच काढत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स काढताना भरलेली घरपट्टी वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के वजावट मिळते. बिलं मागत नाहीत, दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नसला तरी मिळते. माझं वर्षाचं भाडं १ लाख ३२ हजार, त्यातून घरपट्टी साधारण सहा हजार धरा, उरले १ लाख २६ हजार, त्याचे तीस टक्के म्हणजे ३७ हजार ८०० वर टॅक्सच नाही. सरकारने धरूनच चाललंय की घर म्हटलं की मालकाला खर्च येणार. ती वजावट मी दरवर्षी गुपचूप घेतो, आणि वरून त्या बाईकडून तीनशे.

आता दुसरी बाजू. मालक म्हणजे सगळे सावकार नसतात, माझ्या त्या फ्लॅटचा हप्ता अजून चालू आहे, आणि कितीतरी म्हातारी माणसं त्या भाड्यावरच औषधं आणतात. प्लंबर नुसता दारात यायचे तीनशे घेतो, आणि येतो म्हटला की येतोच असं नाही, लग्नसराईत आणि गणपतीत तर त्याला शोधावंच लागतं. आणि भाडेकरूही काही कमी नसतात. त्या तीन पोरांनी एकदा बेसिनमधे भात टाकून टाकून पाईप चोंदवला होता, ते पैसे मी घेतले आणि परत घेईन. एकदा प्लंबरला अकराची वेळ दिली, त्यांनी हो म्हटलं, आणि घराला कुलूप, तिघं त्र्यंबकेश्वरला. प्लंबरने माझ्याकडून तीनशे घेतले, मी त्यांच्याकडून. यात कसलीच लाज नाही. बोलावून घरी नसणं, स्वतः मोडणं, याचे पैसे घ्यावेत, रोख घ्यावेत. पण भिंतीतलं, पाईपमधलं, मी जुनं ठेवलं म्हणून गेलेलं, त्याला बघायला जायचे पैसे घेणं म्हणजे आपलीच गाय चारायला नेली म्हणून शेजाऱ्याला बिल लावणं.

आणि बल्ब-एमसीबीचे फोन? त्याला वेगळा उपाय निघाला, फुकट. पॅनलचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, प्रत्येक एमसीबीवर पट्टी चिकटवून लिहिलं किचन, हॉल, गिझर. मेन कॉक कुठे आहे ते त्या दोघांना आणि मुलीला पण दाखवलं, मुलगी आता पाहुणे आले की त्यांना दाखवते म्हणे. एका पिशवीत दोन-चार वॉशर, टेफ्लॉन टेप आणि एक छोटा पाना त्यांच्याकडेच ठेवला. वॉशर दहा रुपयाला मिळतो. काहीही दिसलं की आधी व्हिडिओ कॉल करा म्हटलं, अर्ध्या गोष्टी तिथेच मिटतात, उरलेल्याला शनिवारी जातो. तो भाऊ माझ्यापेक्षा हाताने चांगला आहे, त्या ट्यूबच्या गुंडाळीवरूनच कळलं होतं.

सहाशे रुपये परत द्यायचा प्रयत्न केला तो एक वेगळाच प्रकार. सप्टेंबरच्या भाड्यात सहाशे कमी पाठवा म्हटलं, त्यांनी अकरा हजार पूर्ण पाठवले. मी सहाशे परत पाठवले, त्यांनी ते परत मला पाठवले, खाली लिहिलं "काका राहू द्या". मग मी मुलीसाठी वह्या आणि रंगपेटी घेऊन गेलो, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं, आणि येताना मला कळण्याची पुरी खायला बसवलं. पुरी खाताना एकदा नजर भिंतीकडे गेली माझी, कॅलेंडरसाठी एक नवीन खिळा ठोकलाय. बघितलं आणि परत पुरीकडे बघितलं.

पुढच्या महिन्यात अॅग्रीमेंट रिन्यू करायचंय. एजंटला फोन केला की ती तीनशेची ओळ काढ, आणि त्याच्या जागी टाक की ठरलेल्या वेळेला घरी कुणी नसलं आणि कारागीर परत गेला तरच त्याची फी लायसन्सीने द्यायची. तो म्हणाला साहेब, ड्राफ्ट फिक्स असतो, ओळ बदलायचे शंभर रुपये एक्स्ट्रा लागतील. मी म्हटलं मागच्या वेळी तर फुकट टाकली होतीस. तर म्हणाला, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात, आता फोनवर सांगताय, बदलायचं म्हणजे मला परत ऑफिसला जावं लागणार.